तक्रार : बायको गोड बोलते

सर्जेराव सुतार आमच्या सेवा केंद्रात आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी होती आणि चेहरा असा, की घरात कुणीतरी गेलं असावं असं मला वाटलं. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तक्रारीचा अर्ज पडद्यावर उघडला.

"बोला काका, काय झालं?"

"मशीन बिघडलंय."

"नेमकं काय होतंय? आवाज येत नाही? मध्येच बंद पडतं?"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "बायको गोड बोलतीया."

शेजारच्या टेबलावर बसलेला सहकारी चहा पीत होता, त्याला ठसका लागला. मीही हसले, खोटं कशाला सांगू? सर्जेराव मात्र हसले नाहीत.

"हसू नका ताई. बेचाळीस वर्षं संसार केलाय. ती माझ्यासंगं अशी बोलतच न्हाई. घरात कोन दुसरीच बाई येऊन बसल्यागत वाटतंय. तुमी मशीन लावून दिलंय, तर आता माझी बायको मला परत द्या."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी हसणं गिळलं आणि अर्जात 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात त्यांचेच शब्द लिहिले : बायको गोड बोलते.

मी उल्का रणदिवे. मूळची बार्शीची, चार वर्षांपासून कोल्हापुरात. काम वाचायंत्रं बसवून देण्याचं. सर्जेरावांच्या बायकोचं, शालनकाकूंचं यंत्र मीच बसवून दिलं होतं. म्हणजे बिघाड असलाच, तर तो माझ्याच हातचा होता.

वाचायंत्र हे ज्यांचा मेंदू बोलतो पण तोंड बोलत नाही अशांसाठी असतं. शालनकाकूंना दीड वर्षापूर्वी झटका आला. उजवं अंग लुळं पडलं. पायात हळूहळू थोडं बळ आलं, हातात आणि जिभेत आलं नाही. डोक्यात शब्द नीट जुळायचे, पण जिभेपर्यंत हुकूम पोचायचा नाही. अशा माणसाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर नखाएवढी पातळ जाळी बसवतात. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा ओठांना, जिभेला, घशाला जे हुकूम सुटतात ते ही जाळी टिपते. गळ्यात घातलेल्या काडेपेटीएवढ्या डबीत त्या हुकमांचे शब्द होतात, आणि लग्नकार्यांच्या जुन्या व्हिडिओंवरून घडवलेल्या त्याच माणसाच्या आवाजात ते ऐकू येतात. हे सगळं इतक्या झटपट होतं, की समोरच्याला डबी बोलतेय हे थोड्या वेळानं आठवेनासं होतं.

आता त्या डबीच्या आतलं सांगते, कारण सगळी भानगड तिथंच झाली. डबीत एक खरं यंत्र असतं आणि त्याच्या पोटात दुसरं, नुसतं प्रोग्रॅमनं उभं केलेलं यंत्र चालतं. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आपण कुणाच्या तरी पोटात आहोत हे त्या आतल्या यंत्राला ठाऊक नसतं. त्याला वाटतं, आपणच सगळं जग. माणसाचे शब्द तिथं उलगडतात. तिथं काही घाण शिरली तर आतलं यंत्र पुसून टाकायचं आणि जपून ठेवलेल्या कोऱ्या प्रतीवरून नवं उभं करायचं. बाहेरचं यंत्र आणि मेंदूवरची जाळी सुखरूप राहतात.

पण घाण शिरलीय हे कळायला तर हवं. सुरुवातीच्या काळात ते कळलं नाही. कुठल्याशा गावात एक आजी सांत्वनाला गेल्या होत्या. "फार वाईट झालं हो," एवढं बोलून त्यांची डबी केसांच्या तेलाची जाहिरात बोलायला लागली, ती त्यांना थांबवताच येईना. आणखी एका आजोबांच्या डबीनं डॉक्टरांना परस्पर ऑपरेशनची संमती देऊन टाकली. मग कायदा झाला, की आतल्या यंत्रात अँटिव्हायरस हवाच. हा अँटिव्हायरस एकवीस दिवस माणसाचं बोलणं ऐकतो आणि त्याचा नमुना तयार करतो : हा माणूस असा बोलतो. त्यानंतर नमुन्याशी न जुळणारं काही आलं की ते व्हायरस समजून अडवायचं आणि कोंडून ठेवायचं. माणूस मध्येच मुका होऊ नये म्हणून त्या जागी नमुन्यातलंच एखादं जवळपासचं वाक्य बोलून टाकायचं.

प्रशिक्षणात आम्हाला व्हायरसची एक खोड शिकवली होती. संशयित प्रोग्रॅम तपासायला आम्ही तो व्हर्च्युअल मशीनमध्ये सोडतो आणि काय करतो ते बघत बसतो. पण मुरलेल्या व्हायरसला कळतं, की ही आपली जागा नाही, आपल्यावर कुणाचा तरी डोळा आहे. तो तिथं हाताची घडी घालून शहाण्यासारखा बसतो. सोडून दिला, की मग आपले खरे रंग दाखवतो. पाहुण्यांच्या घरी पोरं वागतात तसं, असं आमचे सर म्हणाले होते, आणि सगळा वर्ग हसला होता.

शालनकाकूंच्या शिकवणीचे ते एकवीस दिवस मला चांगले आठवत होते. तंत्रज्ञ समोर बसलेला असतानाच शिकवणी चालवायची असा नियम आहे, म्हणून मी रोज दुपारी दोन तास जायचे. उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. मला बाहेरच्या खोलीत खुर्ची मिळायची. सर्जेराव चहा करायचे आणि खास कपाटातून काढलेल्या फुलाफुलांच्या कपबशीतून आणून द्यायचे. काकू नीट पदर घेऊन समोर बसायच्या. "या ताई, बसा. घ्या की चहा. ह्यांनीच केलाय, छान करत्यात." बोलणं इतकं मऊ, की एवढ्या दुखण्यातही काय स्वभाव आहे बाईचा, असं मी घरी आईला फोनवर सांगितलं होतं.

नंतरच्या तीन महिन्यांत मी नियमाप्रमाणे तीनदा फोन केला. "काकू, यंत्र कसं आहे?" तिन्ही वेळा उत्तर आलं, "छान हाय ताई. तुमची लई आठवन येती." मी तिन्ही वेळा 'समाधानकारक' वर खूण केली.

"हाताला काय झालं?" मी सर्जेरावांना विचारलं.

"तवा. आता सैपाक मीच करतोय न्हवं. भाकरी उलटायला गेलो आन् पंजा टेकला. ती समोरच बसली होती." त्यांनी पट्टीकडे बघितलं. "ताई, माझी शालन समोर बसलेली असताना मी तव्यावर हात ठिवंन का? आदुगर घर डोक्यावर घेतलं असतं तिनं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. सर्जेराव मोरीतून ओल्या पायांनी बाहेर आले आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ठसे उमटले. मी काकूंकडे बघत होते. भुवया वर चढल्या. डाव्या हाताची मूठ आवळली. नाकपुड्या फुलल्या. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, आणि मग डबीतून लोण्यासारखा आवाज आला, "सावकाश या. दमला असशीला."

काकूंच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं होतं.

"काकू," मी हळूच विचारलं, "यंत्र कसं आहे?"

"छान हाय ताई. तुमची लई आठवन येती," डबी म्हणाली. काकूंनी डाव्या हातानं डबी गळ्यातून ओढून काढली आणि टेबलावर आपटली.

सर्जेराव म्हणाले, "दिवसभर असंच चाललंय. घालती आन् काढून टाकती. डॉक्टर म्हनत्यात, महिनाभर घातली न्हाई तर मेंदू त्या जाळीसंगं बोलायचं इसरंल. मग कायमचंच गप."

कोंडून ठेवलेली वाक्यं डबीच्या बाहेर जात नाहीत. ती रुग्णाच्या अंगठ्याशिवाय उघडता येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. माणसाच्या डोक्यातलं ते. म्हणून आम्हाला केंद्रात बसून काही दिसलं नव्हतं. मी काकूंना सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, उघडू का? त्यांनी माझ्या हातातून तपासणीची पाटी, म्हणजे आमचा टॅब, जवळजवळ हिसकावून घेतली आणि डावा अंगठा तिच्यावर दाबून धरला.

चार हजार तीनशे सोळा वाक्यं होती.

मी वरची पंधरा-वीस वाचली आणि मला आमच्या सरांचा तो वर्गातला विनोद आठवला. व्हायरसची खोड मला पाठ होती, पण माणसाची नव्हती. एकवीस दिवस या घरात एक पाहुणी बसली होती, आणि पाहुण्यांसमोर नवऱ्याला बोलायचं नाही, घरातलं उणंदुणं बाहेर काढायचं नाही, हे शालनकाकूंच्या हाडीमांशी मुरलेलं. त्या माझ्यासमोर शहाण्यासारख्या बसल्या. यंत्रानं तो नमुना घेतला आणि ठरवलं, की हीच शालन सुतार. मग मी निघून गेले आणि खरी शालन सुतार बोलायला लागली, तेव्हा तिलाच व्हायरस म्हणून कोंडलं.

"काकू, ऐकवू का काकांना?"

त्यांनी तीनदा मान हलवली. सर्जेराव भिंतीला टेकून फरशीवर बसले. मी पाटीवरून एकेक वाक्य काकूंच्या आवाजात सोडू लागले.

"पाय पुसून या म्हनलं न्हवं? फरशीला तोंड असतं तर तिनं शिव्या घातल्या असत्या तुमाला."

"पीठ मळताय का भिंतीला गिलावा करताय?"

"त्यो शर्ट टाका आता. भांडी पुसायला घ्यायचीबी लाज वाटंल."

"मीठ इसरलायसा. मीठ. मीठ! ओ, मिठाचा डबा फुडंच हाय की!"

सर्जेराव हसत होते आणि पट्टीच्या हातानं डोळे पुसत होते. "ही," ते मला सांगत होते, "ही बगा. ही शालन."

मग एक वाक्य आलं आणि ते हसायचे थांबले. "ओ, तवा! हात काढा! तापलाय तवा!" त्याच्याखाली पाटीवर, त्या जागी डबी काय बोलली होती ते लिहिलेलं होतं : सावकाश होऊ द्या, घाई न्हाई. सर्जेरावांनी आपल्या हाताकडे बघितलं आणि काकूंकडे बघितलं. काकूंनी मान फिरवली होती.

पुढं माझ्या फोनच्या तारखा आल्या. "ताई, ह्ये मशीन माझं बोलनं खातंय. फोन ठिवू नका. ऐका की वो माझं." तिन्ही तारखांना जवळजवळ हेच. मला तोंड लपवावंसं वाटलं. मी उठून काकूंचे पाय धरले. त्यांनी डाव्या हातानं माझ्या पाठीत एक बुक्की घातली, बऱ्यापैकी जोरात, आणि मग तोच हात तिथं ठेवला.

श्रावणात सर्जेरावांना चार दिवस ताप होता. त्यातल्या तिसऱ्या दिवशीचं एक वाक्य पडद्यावर आलं. मी ते सोडणार, इतक्यात काकूंचा पंजा पडद्यावर पडला. मी वाचलं होतं. त्यांनाही कळलं की मी वाचलंय. त्यांनी डोळे मोठे करून माझ्याकडे असं बघितलं, की मी निमूटपणे पुढच्या वाक्यावर गेले.

"त्ये काय होतं?" सर्जेरावांनी विचारलं.

"काही नाही काका. खोकला होता," मी म्हणाले.

संध्याकाळी मी पुण्याला निंबाळकर सरांना फोन लावला. तेच ते, वर्गात विनोद करणारे.

"तक्रार काय लिहिलीस? बायको गोड बोलते?" ते म्हणाले. "अगं, हे ऐकून लोक यंत्र मागायला येतील."

"सर, अँटिव्हायरस काढून टाकू?"

"आणि उद्या ती बाई सांत्वनाला जाऊन तेल विकायला लागली तर? कायद्यानं काढता येत नाही." मग ते गंभीर झाले. "आतलं यंत्र पुसून शिकवणी परत घे. पण उल्का, परत एकदाच. दुसऱ्यांदाही नमुना चुकला, तर हे यंत्र या रुग्णाला लागू पडत नाही असं लिहावं लागतं आणि जाळी काढून घ्यावी लागते."

"पुसलं की कोंडलेलं सगळं जाणार ना?"

"सगळं."

हे मी दुसऱ्या दिवशी काकूंना सांगितलं. चार हजार तीनशे सोळा वाक्यं जातील, एकही उरणार नाही. त्या बराच वेळ पाटीकडे बघत बसल्या. मला ठाऊक होतं त्या कुठल्या एका वाक्याचा विचार करतायत. मग त्यांनी अंगठा पुढं केला, आणि मी पुसलं.

नवी शिकवणी सुरू झाली. डबी नेटपासून तोडली, म्हणजे बाहेरून काही शिरू नये. नियमाप्रमाणे रोज दोन तास मी समोर. आणि पहिल्या दिवशी फुलाफुलांच्या कपबशीतून चहा आला, काकूंनी पदर नीट केला आणि डबी म्हणाली, "या ताई, बसा."

"काकू, मोकळं बोला. काकांना काय बोलायचं ते बोला. मी नाहीच असं समजा."

काकूंनी प्रयत्न केला. खरंच केला. सर्जेरावांनी मुद्दाम ओले पाय आपटत चार चकरा मारल्या. काकूंच्या कपाळावर आठ्या पडल्या, त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि आवाज आला, "राहू द्या. वाळंल की." आता अडवायला अँटिव्हायरसही नव्हता, त्या स्वतःच अडत होत्या. तीन दिवसांनी मी नवा नमुना केंद्रात नोंदून ठेवलेल्या जुन्याशी ताडून बघितला. सत्त्याण्णव टक्के तोच. पाचव्या दिवशीही तोच.

मला रडू यायला लागलं होतं. हिचा आवाज मी एकदा घालवला होता आणि आता समोर बसून परत घालवत होते.

सर्जेराव उद्यमनगरात अडतीस वर्षं पॅटर्नमेकर होते. लोखंडी भाग ओतायचा असला की आधी त्याचा लाकडी नमुना करायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि त्यात रस ओतायचा. आता यंत्रं परस्पर वाळूचेच साचे छापतात आणि लाकडी नमुने माळ्यावर पडलेत, पण त्यांची बुद्धी तीच राहिलीय. पाचव्या दिवशी मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा ते म्हणाले, "ताई, वाळूत काय चूक न्हाई, रसातबी न्हाई. नमुनाच तसा दाबला जातोय. तुमी खुर्चीत हायसा तवर असंच हुनार."

"पण नियमानं मला बसावंच लागतं काका."

"बसा की. खुर्चीत कशाला बसताय पर? पावनी ऱ्हाऊ नका."

सहाव्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत थांबलेच नाही. चपला काढल्या, सरळ स्वयंपाकघरात गेले आणि पाटी ओट्यावर ठेवून फरशीवर मांडी घातली. तिथं खुर्चीवर बसलेल्या काकू दचकल्या. "अगं बाई, ताई, हितं कुटं! आत पसारा हाय—" सर्जेरावांनी माझ्यापुढं मेथीच्या तीन जुड्या आणि एक परात टाकली आणि "मला पट्टी बदलायला जायचंय," असं म्हणून ते निघून गेले. पट्टी आदल्याच दिवशी बदलली होती.

मी मेथी निवडायला लागले. मला मेथी निवडता येत नाही. आमच्याकडे ती निवडलेली, पाकिटातून येते. मी पानं तोडत होते, काड्याही तोडत होते, मुळं परातीत पडत होती, पिवळी पानंही. काकू खुर्चीवरून बघत होत्या. मी दुसऱ्या जुडीला हात घातला. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मी एक अख्खी काडी मातीसकट परातीत टाकली.

"राहू द्या ताई," डबी म्हणाली. आवाज जरा ओढलेला होता.

"नाही काकू, येतं मला," मी म्हणाले आणि आणखी एक टाकली.

"अगं ही मेथी निवडतीयास का कुरनातलं गवत उपटतीयास? माती खायला घालतीस व्हय आमाला? आईनं काय शिकिवलंय का न्हाई? आन हिकडं ती परात!"

काकूंनी डावा हात तोंडावर नेला. जणू ते शब्द तोंडातूनच निघाले होते. मी मातीचे हात घेऊन त्यांच्याकडे बघत राहिले आणि मला इतका आनंद झाला, की मी रडायला लागले. बार्शी सोडल्यापासून मला असं कुणी बोललं नव्हतं.

"आता रडतीयास कशापायी?" डबीनं विचारलं. "सरक हिकडं. बग, देठ असा धरायचा."

मागच्या दाराशी काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सर्जेराव कुठंही गेले नव्हते. ते दाराआड उभे राहून ऐकत होते आणि बादलीला अडखळले होते.

"आन् ह्ये बगा! चोरागत कानोसा घेत्यात! बादली फोडशीला, नवी हाय ती!"

तिथून पुढं काही बघावं लागलं नाही. मी रोज जायचे, आणि रोज मला आणि सर्जेरावांना मिळून भरपूर मिळायचं. माझे केस, माझं जेवण, माझं उशिरा येणं, सर्जेरावांचं पीठ, त्यांचा शर्ट, त्यांची बहीण. मधूनच कौतुकाचा एखादा शब्दही यायचा, तोही रागावल्यासारखाच. यंत्र मुकाट ऐकत होतं. पंधराव्या दिवशी नमुना जुन्याशी ताडला तर एकोणतीस टक्के. विसाव्या दिवशी सर्जेरावांच्या हाताची पट्टी निघाली आणि त्यांनी केलेली भाकरी काकूंनी "बरी हाय" असं म्हणून दोनदा मागून घेतली.

एकविसाव्या दिवशी मी नमुना पक्का केला, अँटिव्हायरस चालू केला आणि डबी परत नेटला जोडली. आता जे व्हायचं ते होणार होतं. बाविसाव्या दिवशी शेवटच्या तपासणीला गेले तेव्हा पाटी पिशवीतून काढायचा धीर मला होईना. काकूही डबीवर हात ठेवून बसल्या होत्या. सकाळपासून त्या फारशा बोलल्या नव्हत्या, असं सर्जेराव म्हणाले. परत खाल्लं तर, म्हणून भीत होत्या.

सर्जेरावांना वाटलं, आपण काहीतरी करून वातावरण हलकं करावं. "ताई, तुमाला माझा पंपाचा नमुना दाखिवतो. सागवानी हाय," असं म्हणून ते स्टुलावर चढले आणि माळ्यावर हात घातला. नमुना जड होता. त्यांनी तो छातीशी ओढला आणि स्टूल एका पायावर डुगडुगलं.

"उतरा!"

तो आवाज मी अजूनही विसरलेले नाही. क्षणाचाही उशीर झाला नाही. सर्जेराव जागच्या जागी थिजले आणि त्यांनी माळ्याची कड पकडली.

"आदी खाली उतरा म्हनते न्हवं! सोडा त्यो ठोकळा! उल्का, धर त्यास्नी!"

मी धावत जाऊन स्टूल धरलं. सर्जेराव नमुन्यासकट खाली उतरले आणि ओशाळं हसले. काकूंचा ऊर धपापत होता. डबीतून आवाज आला, पण आता तो खाली उतरला होता.

"तुमाला काय झालं तर मी वरडू कुनावर?"

श्रावणातल्या तापाच्या तिसऱ्या दिवशीचं वाक्य हेच होतं. अक्षर न् अक्षर.

सर्जेराव नमुना पोटाशी धरून उभे होते. त्यांनी एकदा काकूंकडे बघितलं, एकदा डबीकडे, आणि मग घाबऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडे वळले.

"ताई," ते कुजबुजले, "परत बिघडलं का काय?"

मी पाटी उघडली. अडवलेली वाक्यं शून्य. बदललेली वाक्यं शून्य. मी पाटी त्यांच्यापुढं धरली. "नाही काका. यंत्रानं काहीच केलेलं नाही. हे काकूच बोलल्यात."

त्यांनी नमुना खाली ठेवला आणि ते काकूंच्या खुर्चीजवळ जाऊन बसले. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण पाहुण्यांसारखं उठून जायची सवय आता मोडली होती. मी ओट्याशी वळले, चहा टाकला आणि तीन कपांत गाळला. माझ्या वाट्याला दांडी तुटलेला कप आला. तो घरातल्यांचा कप होता.

मग मी फरशीवर बसून तक्रारीचा अर्ज पुरा करायला घेतला. 'बिघाडाचे कारण' या रकान्यात लिहिलं : तंत्रज्ञ पाहुणी होती. त्याखाली 'सद्यस्थिती' असा रकाना होता. तिथं काय लिहावं याचा विचार करत मी डोकं खाजवत बसले.

"लिवत काय बसलीयास?" वरून आवाज आला. "चहा गार व्हायलाय तुझा."

मी तेच लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला.